टायरवरची नक्षी: कामाची किती, दिसण्यापुरती किती

गाळपाच्या हंगामात सांगली-इस्लामपूर पट्ट्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. तिथे उभं राहून नुसत्या चाकांकडे बघा. ट्रॅक्टरच्या पुढच्या लहान चाकाला गोल फिरणाऱ्या तीन उंच पट्ट्या. मागच्या मोठ्या चाकाला तिरके जाड दांडे, दोन्ही कडांकडून मध्याकडे आलेले. ट्रॉलीला ट्रकचा जुना टायर, नागमोडी खाचांचा, बहुतेक वेळा एकदा तरी रिमोल्ड झालेला, म्हणजे झिजल्यावर वर नवं रबर चढवलेला. शेजारच्या पिकअपला बारीक चिरा पाडलेले चौकोनी ठोकळे आणि त्यापलीकडच्या मोटारसायकलला बटण टायर.

रबर सगळीकडे काळंच, चाक सगळीकडे गोलच, तरी नक्षी पाच तऱ्हेची. यातली एकही रेघ आपोआप उमटलेली नाही. कुणीतरी ती आखली, साच्यात कोरली, घासून पाहिली. त्यातल्या बऱ्याच नक्ष्या कोणाच्या तरी नावावर सरकारदरबारी नोंदलेल्याही असतात, जमिनीचा सातबारा असावा तशा. म्हणूनच मिरज-कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत साचे करणाऱ्यांना आणि महामार्गावरच्या रिमोल्डवाल्यांना एक प्रश्न हमखास पडतो: बाजारात चालणारी अमुक कंपनीची नक्षी आपण आपल्या साच्यात पाडली तर चालेल का?

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण टायरवरची एकच खाच दोन कामं करते. ती रस्त्यावर काहीतरी करते आणि डोळ्यांना काहीतरी दाखवते. कायदा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. डिझाइन म्हणून नोंद होते ती फक्त दिसण्याची. तेव्हा आधी खाचेचं काम समजून घेऊ.

पाणी, चिखल आणि आवाज

टायरचा जमिनीला लागणारा जाड पट्टा म्हणजे ट्रेड. त्यावर गोल फिरणाऱ्या अखंड पट्टीला रिब म्हणतात, आडव्या किंवा तिरक्या दांड्याला लग म्हणतात, आणि खाचांनी चारी बाजूंनी सुटा झालेला तुकडा म्हणजे ब्लॉक, आपला ठोकळा. ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारखी जी बारीक चीर दिसते ती सायप. जॉन साइप या अमेरिकी माणसाने अशा चिरांचं पेटंट १९२० च्या दशकात घेतलं, त्याचंच नाव चिरेला चिकटलं. ट्रेडची बाहेरची कड म्हणजे शोल्डर.

कोरड्या, स्वच्छ डांबरावर खाचांची गरज जवळजवळ नसते. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर सपाट टायर घालतात ते याचमुळे: जितकं रबर जमिनीला, तितकी पकड. खाच लागते ती पाण्यासाठी. १८५ मिलिमीटर रुंदीचा कारचा टायर घ्या, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी धरा आणि वेग ताशी ८० किलोमीटर. त्या टायरला दर सेकंदाला साधारण १२ लिटर पाणी वाटेतून बाजूला सारावं लागतं. हंडाभर पाणी, आणि तेही प्रत्येक सेकंदाला. थोडं पुढे आणि कडेला फेकलं जातं, बाकीचं खाचांतून वाहून जावं लागतं. खाच पुरली नाही तर टायर पाण्यावर उचलला जातो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही.

हा उचलला जाण्याचा वेग हवेच्या दाबाशी बांधलेला आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून काढलेलं सूत्र सोपं आहे: दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला साडेसोळाने गुणा. येतो तो वेग ताशी किलोमीटरमध्ये. ३३ पीएसआयला ९५ च्या आसपास आणि २४ पीएसआयला जेमतेम ८१. पाण्याचा थर खाचांना आवरत नसेल तेव्हाचा हा हिशोब आहे, म्हणजे टायर गोटा, झिजून गुळगुळीत, झालेला असेल तर तो पुरेपूर लागू पडतो. पावसाळ्यात पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी उतरून गाडी मोकळ्या रस्त्याला लागते, तेव्हा ऐंशी-नव्वदचा वेग कुणालाच फार वाटत नाही. म्हणूनच हवा आणि खाचेची खोली या दोन गोष्टी एकत्र तपासाव्यात. कारच्या नव्या टायरला खाच साधारण ८ मिलिमीटर असते आणि कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. ती ओळखायला मुख्य खाचेच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे ठेवलेले असतात. ठोकळा झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर बदलायचा. हे उंचवटे नेमके कुठे आहेत, ते बाजूच्या भिंतीवरचा लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर) ही अक्षरं दाखवतात.

शेतात प्रश्न पाण्याचा नाही, मातीचा आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर रिबचा टायर दहा पावलांत गोटा होतो. झिजून नव्हे, भरून. अरुंद खाचेत चिकट माती घट्ट बसते आणि चाक नुसतं गरागरा फिरतं. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे दांडे एकमेकांपासून लांब असतात, साधारण ४५ अंशात तिरके असतात आणि दोन दांड्यांमधली वाट कडेकडे मोकळी होत जाते. चाक फिरताना माती त्या वाटेने बाहेर ढकलली जाते.

इथे एक गोष्ट ओल्या बांधावर प्रत्यक्ष बघण्यासारखी आहे. दांड्यांचं मध्याकडचं टोक आधी जमिनीला टेकतं, कडेचं नंतर. त्यामुळे टायर बरोबर बसवलेला असेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिल्यावर दांड्यांची टोकं वर दिसतात, घराच्या आढ्यासारखी. चिखलात उमटलेल्या ठशाची टोकं मात्र ट्रॅक्टर ज्या दिशेने आला तिकडे असतात, गेला तिकडे नव्हे. ठसा उलटा दिसला, तर पंक्चर काढल्यावर टायर उलटा चढवला गेलाय. मग माती बाहेर जाण्याऐवजी मध्यावर दाटते. भिंतीवर बाण असतोच, तो बघायचा राहून जातो एवढंच.

पुढच्या चाकाच्या तीन पट्ट्यांचं काम वेगळं. तिथे ओढायचं नसतं, वळायचं असतं. उंच अखंड पट्टी मातीत नांगराच्या फाळासारखी घुसते आणि चाकाला बाजूला सरकू देत नाही. ट्रकच्या पुढच्या चाकालाही रिब घालतात त्याचं कारण हेच. शिवाय रिब अखंड असल्याने ती कमी वळवळते, कमी तापते आणि सारखी झिजते. मागच्या, ओढणाऱ्या चाकाला लग किंवा ठोकळे.

आता आवाज. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो तेव्हा एक ठोका वाजतो. कारच्या टायरचा घेर १.९५ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या घेतं. घेरावर एकसारखे ७० ठोकळे असतील तर सेकंदाला जवळजवळ ६०० ठोके, म्हणजे कानात घुसणारा एकसुरी घूं आवाज. हा सूर मोडायला ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात. तीन ते पाच वेगवेगळ्या लांब्या घेऊन त्या विस्कळीत क्रमाने घेरावर बसवतात. आवाज तेवढाच राहतो, पण तो अनेक सुरांत वाटला जातो आणि कानाला खुपत नाही. नव्या कारच्या टायरवर बोट फिरवत घेर पुरा करा: एक ठोकळा आखूड, पुढचा लांब, मग मधला. चुकून झालेलं वाटतं, पण त्यामागे मोठं गणित असतं.

मग शोभेचं काय उरलं?

उरतं, आणि भरपूर उरतं. पाणी बाहेर काढायला चार उभ्या खाचा लागतात हे मान्य. पण त्या सरळ असाव्यात, नागमोडी असाव्यात की विजेसारख्या कोनाकोनाच्या, ठोकळ्याचा कोपरा गोल असावा की तिरका कापलेला, कडेच्या खाचा कोयत्यासारख्या वाकलेल्या असाव्यात की सरळ, हे एकाच कामाचे दहा मार्ग आहेत. दोन कंपन्यांचे त्याच मापाचे, त्याच कामाचे टायर शेजारी ठेवले तर दोन्ही तितकंच पाणी काढतील, पण एकमेकांसारखे दिसणार नाहीत. काम सांभाळून जी निवड मोकळी राहते, तिथे डिझाइन राहतं.

काही गोष्टी तर निव्वळ दिसण्यासाठीच असतात. ठोकळ्याच्या माथ्यावरच्या एक-दीड मिलिमीटर खोल रेघा, शोल्डरवरच्या बारीक धारा, भिंतीवरचा मखमलीसारखा काळाभोर पट्टा. खरी सायप कोणती आणि शोभेची कोणती, हे दुकानातच ओळखता येतं. डेप्थ गेजची, म्हणजे खाचेची खोली मोजायच्या साधनाची, टोकदार सुई किंवा जाड पोस्टकार्डाची कड चिरेत घाला. खरी सायप पाच-सहा मिलिमीटर आत जाते, शोभेची लगेच तळाला लागते आणि पहिल्या काही हजार किलोमीटरांत पुसून जाते. टायर घेताना नव्या टायरच्या रुबाबाकडे बघण्यापेक्षा ही एक तपासणी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

साचा काय करू देतो

कागदावर काढलेली प्रत्येक नक्षी रबरात उतरत नाही. कच्चा टायर, ज्याला ग्रीन टायर म्हणतात, तो पूर्ण गुळगुळीत असतो. तो साच्यात ठेवतात, आतून रबरी फुग्याने दाब देतात, आणि दीडशे ते एकशेऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो शिजतो. कारच्या टायरला दहा-पंधरा मिनिटं, ट्रकच्या टायरला त्याच्या कितीतरी पट. टायरवर जी खाच दिसते ती साच्यात उंच पट्टी असते, आणि सायपच्या जागी साच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पोलादी पातं रोवलेलं असतं.

इथे तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, खाचेच्या भिंती अगदी उभ्या ठेवल्या तर शिजलेला टायर साच्यातून सुटत नाही. ठोकळ्यांचे लचके तुटतात किंवा पातं वाकून आत राहतं. म्हणून भिंतींना थोडा उतार देतात, वर रुंद आणि तळाशी अरुंद. याचा दुसरा परिणाम असा की टायर झिजत गेला की खाच नुसती उथळ होत नाही, अरुंदही होते. नव्या टायरची नक्षी आणि निम्म्या वयाच्या टायरची नक्षी म्हणूनच वेगळी दिसते. दुसरं, खाचेच्या तळाचा कोपरा काटकोनात ठेवला तर तिथे ताण साठून भेग पडते, खासकरून उसाच्या ओझ्याखालच्या ट्रॉलीला. तळ गोलाईचाच हवा. खाचेच्या तळाशी अधूनमधून जे रबराचे बुटके उंचवटे दिसतात, तेही अशाच काळजीपोटी: अडकलेली खडी खाली रुतून पट्ट्याला भोक पाडू नये म्हणून. तिसरी अडचण हवेची. नक्षीच्या प्रत्येक बंद कोपऱ्यात हवा कोंडते आणि तिथे रबर पोचत नाही. मग ठोकळ्याची कड गोलसर, अर्धवट येते. हवा जायला साच्याला बारीक भोकं ठेवतात, त्यात रबर शिरून जे केस तयार होतात तेच नव्या टायरवर दिसतात. जितके ठोकळे जास्त, तितकी भोकं जास्त, तितका साचा महाग.

रिमोल्डच्या कामात आणखी एक अडचण येते, ती म्हणजे जोड. कोल्ड पद्धतीत नक्षी आधीच शिजवलेल्या लांब पट्ट्याच्या रूपात येते. जुना टायर बफिंग करून खरवडतात, जखमा दुरुस्त करतात, सोल्यूशन लावतात, कुशन गम (जोडणारा कच्च्या रबराचा पातळ थर) घालतात, त्यावर पट्टा गुंडाळतात आणि रबरी आवरणात घालून चेंबरमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. पट्ट्याची दोन टोकं जिथे भेटतात तिथे नक्षी जुळली पाहिजे. समजा बफिंगनंतर घेर ३ मीटर १० सेंटिमीटर भरला आणि नक्षीचा एक घास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, ५२ मिलिमीटरचा आहे. भागाकार ५९.६ येतो. साठ घास बसवायचे तर टायरच्या घेरापेक्षा पट्टा दोन सेंटिमीटर जास्त आहे, एकोणसाठ बसवायचे तर तीन सेंटिमीटर कमी आहे. घाईत कारागीर एकोणसाठ घासांचाच पट्टा ओढून टोकं भिडवतो. ओढलेलं रबर आयुष्यभर आखडायला बघतं, आणि उन्हाळ्यात ओझ्याखाली जोड तिथेच सुटतो. योग्य रीत ही की पट्टा ताण न देता गुंडाळावा, घेरात बसेल तिथे स्वच्छ कापावा, आणि जोडावर एक ठोकळा थोडा आखूड दिसला तर दिसू द्यावा. जोडापाशी नक्षी अगदी बिनचूक दिसावी, हा आग्रह गिऱ्हाइकानेही धरू नये.

नक्षी नोंदवायची कशी

भारतात हा विषय डिझाइन्स कायदा, २००० खाली येतो. तो ११ मे २००१ पासून लागू आहे. कायद्याच्या दृष्टीने डिझाइन म्हणजे वस्तूचा आकार, रचना, नक्षी, सजावट किंवा रेषा-रंगांची मांडणी, जी औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरवली जाते आणि तयार वस्तूत केवळ डोळ्यांनी पारखली जाते. बांधणीचं तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक करामत यातून बाहेर. तुम्ही सायपचा असा पेच शोधलात की ब्रेक दाबल्यावर ठोकळे एकमेकांत अडकून घट्ट होतात, तर ती कल्पना पेटंटचा विषय. तिचं दिसणं हा डिझाइनचा.

पहिली अडचण वस्तूच्या नावापाशीच येते. वस्तूचा भाग स्वतंत्र बनवून स्वतंत्र विकता येत असेल तरच कायदा त्या भागाला वस्तू मानतो. नव्या टायरचा ट्रेड सुटा विकत मिळत नाही, म्हणून टायर कंपनी नोंद करते ती 'टायर' या वस्तूची. कोल्ड रिमोल्डचा नक्षीदार पट्टा मात्र सुटाच विकला जातो. तो बनवणारा थेट पट्ट्याची नोंद करू शकतो. जिल्ह्यातल्या लहान उत्पादकाला याचा मोठा फायदा आहे, पण फार थोड्यांच्या तो लक्षात येतो. अमेरिकेत रीत वेगळी आहे. तिथे याला डिझाइन पेटंट म्हणतात आणि त्यात दावा एकाच वाक्याचा असतो: टायरच्या ट्रेडचं शोभेचं डिझाइन, चित्रात दाखवल्याप्रमाणे. भिंत तुटक रेषांनी काढली की ती दाव्याबाहेर राहते. मुदत, १३ मे २०१५ पासूनच्या अर्जांना, मंजुरीपासून १५ वर्षं.

आपल्याकडे अर्ज नमुना १ मध्ये, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या १२-१५ या वर्गात करायचा. टायर आणि चाकाच्या साखळ्या या वर्गात येतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर शुल्क १,००० रुपये, इतरांना ४,०००. डिझाइनचं काम कोलकात्याच्या कार्यालयात चालतं, अर्ज ऑनलाइन करता येतो.

अर्जाचा जीव चित्रांत असतो. ए-४ कागदावर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि तिरक्या कोनातून घेतलेली दृश्यं. टायरच्या बाबतीत समोरचं दृश्य, म्हणजे ट्रेड सरळ डोळ्यांसमोर, सगळ्यात मोलाचं. चित्रावर मापं, बाण, कापछेदाच्या खुणा घालायच्या नाहीत. वर्कशॉपचं मशीन ड्रॉइंग जसंच्या तसं जोडलं की ते हमखास परत येतं. सोबत एक छोटं विधान असतं: नावीन्य चित्रात दाखवलेल्या आकारात आणि नक्षीत आहे. आणि एक नकार: यांत्रिक क्रियेवर, बांधणीच्या पद्धतीवर, अक्षरं-आकडे-ट्रेडमार्कवर हक्क सांगत नाही. विधानात 'या खाचांमुळे पाणी लवकर निघतं' असं लिहायचा मोह टाळा. तुम्हीच नक्षीला यंत्राचा भाग म्हणून मोकळे होता, आणि पुढे कुणी नोंद रद्द करायला निघाला तर तेच वाक्य तुमच्यासमोर धरतो.

नोंदीच्या नावाखाली एका अर्जात दोन नक्ष्या घुसवणं ही दुसरी नेहमीची चूक. चित्र क्रमांक एकमध्ये डाव्या शोल्डरला पाच रेघा आणि चित्र क्रमांक तीनमध्ये चार, एवढा विसंवादही आक्षेपाला पुरतो. आक्षेप आला तर अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत तो दूर करावा लागतो. मागणी केली तर ३ महिने वाढवून मिळतात.

पण सगळ्यांत जास्त नोंदी जिथे बुडतात ती जागा वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. डिझाइन नवं असलं पाहिजे आणि अर्जाआधी ते जगात कुठेही, छापून किंवा वापरून, उघड झालेलं नसलं पाहिजे. कराडच्या कृषी प्रदर्शनात स्टॉलवर नवा टायर ठेवला, विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, चार ट्रॅक्टरना चाचणीला म्हणून बसवून गावात फिरवले, की आपणच आपलं नावीन्य संपवलं. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला सवलत आहे, पण तिच्यासाठी आधी कार्यालयाला कळवावं लागतं आणि ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. विश्वासाने, गुप्त ठेवण्याच्या बोलीवर साचेवाल्याला दाखवलेलं डिझाइन उघड झालं असं धरत नाहीत. म्हणून साच्याचं काम देताना दोन ओळींचं का होईना, गुप्ततेचं पत्र सहीनिशी घ्या. क्रम असा ठेवा: आधी अर्ज, मग प्रदर्शन, मग बाजार.

कुणी म्हणेल, नोंद कशाला हवी, चित्र माझंच आहे, त्यावर कॉपीराइट आहेच. इथे कॉपीराइट कायद्याचं १५ वं कलम आडवं येतं. नोंद होऊ शकणारं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्यावरून वस्तू पन्नासपेक्षा जास्त वेळा औद्योगिक रीतीने बनली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. साचा चढल्यावर एक्कावन्नावा टायर निघायला वेळ तो कितीसा लागतो!

नक्कल कशी ठरते

न्यायालय पट्टी घेऊन खाचा मोजत बसत नाही. तयार वस्तू डोळ्यांना एकूण कशी दिसते, हे पाहतं. चार खाचांच्या जागी पाच केल्या किंवा कोन दोन अंशांनी फिरवला, तरी एकूण रूप तेच राहिलं तर ती उघड नक्कलच. डोळे कुणाचे, हाही मुद्दा असतो. अमेरिकेत १९९८ साली गुडइयर आणि हर्क्युलिस या कंपन्यांचा ट्रेलरच्या टायरच्या नक्षीवरून झालेला वाद अपील न्यायालयात गेला. तिथे बघणारा म्हणून ट्रकचालक आणि ताफ्याचे मालक धरले गेले, आणि दोन्ही नक्ष्या त्यांच्या नजरेला वेगळ्या ठरून नक्कल झाली नाही असा निकाल लागला. रोज टायर हाताळणाऱ्याचे डोळे चोख असतात.

'नक्षी कामाची आहे, म्हणून सगळ्यांची आहे' हा बचाव भारतातही झाला. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अपोलो टायर्सच्या ट्रकच्या टायरच्या नक्षीचा प्रश्न आला होता. वेगवेगळ्या कंपन्या तेच काम वेगवेगळ्या नक्ष्यांनी करून घेतात, मग हीच नक्षी कामासाठी अपरिहार्य कशी, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. साच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स हा निकाल वाचण्यासारखा आहे. तिथे रोलरने काचेवर नक्षी उमटवली होती. रोलर जर्मनीतून आणलेला असला तरी ती नक्षी काचेवर पहिल्यांदा उतरवली म्हणून काचेची नोंद टिकली. आपल्या भाषेत सांगायचं तर, साचा विकत आणला म्हणजे टायरवरच्या नक्षीचा प्रश्न सुटला असं होत नाही.

रिमोल्डवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं. नोंदलेली नक्षी, त्याच वर्गातल्या वस्तूवर, विक्रीसाठी, मालकाच्या परवानगीशिवाय उतरवणं हे कायद्याने पायरसी आहे. 'गिऱ्हाइकाचाच टायर आहे, आम्ही फक्त रबर चढवलं' यावर विसंबून राहू नये. यासाठी दर वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल होऊ शकते. मालकाला हवं तर तो त्याऐवजी नुकसानभरपाईचा आणि मनाईहुकुमाचा दावा लावतो. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. मनाईहुकूम मिळाला तर साचा भंगारात जातो. लहान कारखान्याला बसणारा खरा फटका तोच.

साचा बनवायला टाकण्याआधी आयपी इंडियाच्या, म्हणजे पेटंट-डिझाइन नोंदणीच्या सरकारी, संकेतस्थळावर १२-१५ वर्गातल्या नोंदी चाळा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मुदत संपलेली नक्षी सापडली तर ती डिझाइन म्हणून मोकळी. नोंद १० वर्षांची असते, शुल्क भरून आणखी ५ वर्षं वाढते, त्यापुढे नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या कितीतरी उत्तम रिब आणि लग नक्ष्या अशा मोकळ्या झालेल्या आहेत, आणि आपल्या घाटरस्त्यांना त्या आजही चांगल्या लागू पडतात. फक्त त्यावर मूळ कंपनीचं नाव किंवा नक्षीचं व्यापारी नाव घालू नका. तो ट्रेडमार्कचा वेगळा विषय आहे.

आणि नोंद तुमचीच असेल तर टायरच्या भिंतीवर किंवा पट्ट्याच्या कडेला 'रजिस्टर्ड' हा शब्द किंवा त्याचं संक्षिप्त रूप, आणि नोंदीचा क्रमांक साच्यातच कोरून घ्या. ही खूण नसेल तर नक्कल करणाऱ्याकडून पैसे वसूल करणं अवघड होतं, तुम्ही खुणेची पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करावं लागतं. दहावं वर्ष भरण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेला नाही तर नोंद बंद पडते. त्यानंतर वर्षभराच्या आत कारण दाखवून ती पुन्हा जिवंत करता येते. मधल्या काळात नोंद बंद आहे असं पाहून कुणी ती नक्षी वापरायला घेतली, तर त्याचा बचाव मात्र पक्का होतो.